एक हजार नऊ माणसं

फार जुन्या काळी, कुठल्याशा राज्यात एक रीत होती. पुराने किंवा दुष्काळाने उठून कोणी आश्रयाला आले, की त्यांचे सारखे गट करायचे आणि एकेका गावात एकेक गट धाडायचा. कुठल्याच गावाने कुरकुर करू नये, म्हणून ही युक्ती. वाटून जे उरतील त्यांनी मात्र वेशीबाहेर जायचं. ही अट कोणाच्या फारशी ध्यानातही नव्हती, कारण राजगणक मोठा हुशार. चार गावं जमली नाहीत तर पाच, पाच नाहीत तर सात. कोणी उरलंय असं कधी झालंच नव्हतं.

एका वर्षी नदीने एक अख्खं गाव गिळलं आणि एक हजार नऊ माणसं वेशीशी येऊन थांबली.

गणकाने दोन गट केले. एक म्हातारी उरली. तीन केले, तरी तीच उरली. चार, सहा, सात, आठ करून पाहिले. म्हातारी आपली एकटी बाजूलाच. पाच केले तर आणखी तिघं तिच्या सोबतीला आली. एकतीसपर्यंत जाऊन गणक थांबला. पुढे पाहण्यात अर्थ नव्हता. मोठा आकडा बसणार असता, तर त्याच्या जोडीचा लहान आकडा आधीच बसला असता. बिचाऱ्याला घाम फुटला.

म्हातारीने ते ओळखलं. जवळ येऊन म्हणाली, "लेका, मला वगळ. माझे असे कितीसे दिवस राहिलेत? मी गेले की तुझं सगळं सुटसुटीत होईल."

ते खरं होतं, म्हणूनच त्याला जास्त लागलं. एक हजार आठला दोनाने भाग जातो, तीनाने जातो, सात, आठ, नऊ यांनीही जातो. नुसती मान हलवायची, की काम फत्ते. पण ती काही त्याच्याने हलवेना.

तो तडक राणीकडे गेला. "राणीसाहेब, ही मूळ संख्या आहे. फुटत नाही."

"म्हणजे?"

"हिचे सारखे भाग दोनच तऱ्हांनी होतात. प्रत्येक माणूस सुटा करायचा, नाहीतर सगळ्यांना एकत्र ठेवायचं. सुटं करणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा बुडवणं आहे."

"एवढी जागा कोणत्या गावात आहे?"

"गावात नाही. आपल्या शिकारीच्या रानात आहे." एवढं बोलून तो मान खाली घालून उभा राहिला. राणीला शिकार जीव की प्राण होती, हे सगळ्या राज्याला ठाऊक होतं.

राणीने विचारलं, "उरलेल्यांनी जायचं, ही अट कोणी घातली?"

"आपल्या आजोबांनी."

"त्यांच्या वेळी कोणी उरलं होतं?"

"नाही, राणीसाहेब."

"म्हणूनच त्यांना ती घालता आली," राणी म्हणाली, आणि तिने रान देऊन टाकलं.

रानात गाव वसलं. म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली. ती गेली तेव्हा खांदा द्यायला सारं गाव लोटलं होतं, आणि त्यात गणकही होता.

माणसांची वाटणी करताना कोणी उरलं, तर माणूस जास्त झालेला नसतो. वाटणी चुकलेली असते.