कमानीतली साडी

"...मग आमच्या सेवेत काय कमी पडलं, बुवा? तेवढं सांगा."

पूर नुकताच ओसरला होता. हैबतरावाची धाकटी बहीण अनसूया त्या पुरात गेली होती. तो मठाच्या पायरीवर बसून नदीवर चिडला होता.

मठाचे कमळगिरी बुवा त्याच्या शेजारी बसले होते.

"दर वर्षी नदीला साडी नेसवतो. या काठापासून त्या काठापर्यंत! सबंध तालुक्यात एवढी लांब साडी कुणी नेसवत नाही."

दुःखातही त्याला तालुका सुटला नव्हता.

"पुलाच्या कमानी मोकळ्या करायच्या होत्या," बुवा म्हणाले. "तुला निरोप धाडला होता."

"तेव्हा साडीच्या मिरवणुकीची गडबड होती, बुवा..."

बुवा उठले. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि चालू लागले. हैबतराव मुकाट्यानं मागे गेला.

जुन्या दगडी पुलाच्या मधल्या कमानीत एक ओंडका आडवा अडकला होता. त्यावर झाडोरा आणि गाळ साचला होता. पाण्याला तिथून वाटच मिळाली नाही. ते मागे फुगलं आणि काठावरच्या आळीत शिरलं. अनसूयेचं सासर त्याच आळीत होतं.

बुवा गाळात उतरले. ओंडक्याभोवतीचं काहीतरी ओढू लागले. ओढलं, पुन्हा ओढलं... संपेचना.

हिरवी साडी होती. ओंडका, फांद्या, झुडपं, सगळं तिनंच आवळून धरलं होतं.

हैबतरावानं ती ओळखली. काठावर बसून त्यानं तिचा पदर कपाळाला लावला.

"आईनं प्रसाद परत दिला, बुवा!"

मी असतो तर त्याच्या थोबाडीत दिली असती. बुवांनी दिली नाही.

"हाच प्रसाद अनसूयेच्या घरात शिरला," ते म्हणाले.

हैबतराव त्यांच्याकडे बघत राहिला. मग कमानीकडे बघितलं. मग हातातल्या पदराकडे...

पदर हातातून सुटला. तो ओक्साबोक्शी रडला. बुवांनी रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

"उद्याच कमानी साफ करून घेतो, बुवा. आळीतली माणसं लावतो."

बुवांनी फावडं त्याच्यापुढं धरलं.

"आळी सुतकात आहे, हैबता. तू उतर."