उसन्या मानेचा घोडा

फार पूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक लोहार राहत असे. लोकांनी टाकून दिलेल्या लोखंडातून तो पशुपक्षी घडवीत असे. मोडक्या कुलपांचे त्याने कासव केले होते, झिजलेल्या विळ्यांचा मोर केला होता. त्याचा एक नेम होता. कोणतीही वस्तू घडवायला घेण्यापूर्वी तो तिच्या धन्याला विचारी, “सोडली का?” धनी “सोडली” म्हणाला, तरच तिच्यावर घण पडे.

एकदा राजाची स्वारी गावावरून जाणार असल्याची वार्ता आली. गावचा कारभारी लोहाराला म्हणाला, “वेशीत एक घोडा उभा कर. महाराजांना पसंत पडला, तर तू दरबारचा कारागीर होशील.”

लोहाराने नांगराच्या फाळांचे पाय केले, गाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा वाकवून बरगड्या केल्या आणि फुटक्या कढईचे डोके घडवले. परंतु ते जड डोके पेलील अशी मान त्याच्या भंगारात कशाचीच होईना.

त्याच सुमारास नावाडी आपल्या नावेची साखळी घेऊन आला. तिचा एक दुवा उघडला होता. तो घाईत होता. “लोहारदादा, साखळी इथं टाकून जातो. तोवर काथ्याच्या दोरावर भागवतो,” असे म्हणून तो निघून गेला.

‘टाकून जातो, असेच म्हणाला ना तो?’ लोहाराने मनाची समजूत घातली. “सोडली का?” हे विचारण्यास मात्र तो नदीवर गेला नाही, कारण उत्तर काय येईल, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने दुवा सांधला, साखळी पदरावर पदर पिळून तिची मान केली आणि एका खिळ्याने ती धडाशी जखडली. घोडा डौलात उभा राहिला.

स्वारी येण्याच्या दिवशी डोंगरात पाऊस झाला आणि नदी एकाएकी फुगली. नावाडी धापा टाकीत वेशीत आला.

“साखळी दे! पलीकडच्या बाजाराची माणसं भरलीत नावेत. नाव खडकाला अडकलीय. मी दोर धरून कसाबसा काठाला आलो, अन् आता दोराचे पेड तुटायला लागलेत!” बोलता बोलता त्याची दृष्टी घोड्याकडे गेली. “अरे, ही तर माझीच!”

“तूच म्हणालास, टाकतो,” लोहार पुटपुटला.

“शिंप्याकडे कापड टाकतो आपण. म्हणून अंगरखा काय शिंपी घालून फिरतो?”

तेवढ्यात कारभारी आडवा आला. “खबरदार! तुताऱ्या ऐकू येत नाहीत? घोड्याला हात लावलास, तर तुझी भट्टी कायमची विझवीन!”

एकीकडून तुताऱ्या जवळ येत होत्या, दुसरीकडून किंकाळ्या. लोहाराच्या हातात घण होता आणि हात हलत नव्हता. मग त्याने डोळे मिटले व घण खिळ्यावर घातला. खिळा उडाला आणि घोड्याचे डोके दगडावर आदळून दुभंगले. साखळी खांद्यावर टाकून दोघे नदीकडे धावले.

साखळीचे एक टोक झाडाला बांधून नावाड्याने दुसऱ्या टोकाचा आकडा फेकला. पहिल्यांदा आकडा पाण्यात पडला. पुन्हा फेकला, नावेच्या कडीत अडकला, आणि त्याच क्षणी दोर तुटला. साखळी करकरली. लोहार आपल्या सांधलेल्या दुव्याकडे श्वास रोखून पाहत राहिला. दुवा टिकला. साखळीला धरून एकेक जण काठावर आला.

लोहार चिखलाने माखून परतला, तेव्हा राजा घोड्यासमोर उभा होता.

“याची मान कुठे आहे?”

“मान माझी नव्हती, महाराज. ज्याची होती, त्याला परत केली.”

राजाने नदीकाठच्या ओल्या माणसांकडे पाहिले. “याची भट्टी विझता कामा नये,” एवढेच तो कारभाऱ्याला म्हणाला. स्वारी पुढे गेली. घोडा मात्र गावातच राहिला आणि लोहारही.

पूर ओसरल्यावर नावाडी म्हणाला, “हा बिनडोक्याचा गडी घाटावर रोवू या. नाव बांधायला बरा. पण विचारून घेतो हं, सोडला का?”

लोहाराची मान खाली गेली. “सोडला,” तो म्हणाला.

तेव्हापासून नाव काठाला लागली की साखळी घोड्याच्या धडाला वेढली जाते आणि त्याला मान येते. नाव पाण्यात गेली की मानही जाते.

तात्पर्य: वस्तू टाकलेली आहे की विश्वासाने ठेवलेली, हे धन्याला विचारावे, आपल्या गरजेला विचारू नये; दुसऱ्याच्या वस्तूवर उभारलेला मान आपला नसतो.