तेलिणीचे दावे

शके सतराशे बाराचा माघ. थंडी ओसरत होती, लग्नसराई तोंडावर आली होती आणि तांबट आळीत उजाडल्यापासून तांब्याच्या हंड्यांवर ठोके सुरू होत.

त्या आळीत एक तांबट होता. घरात तो आणि त्याचा धाकटा भाऊ येसू, दोघेच. येसू तिशीचा. बोलत नसे, पण हसला की घर भरून जाई. त्या माघात मात्र तो वरचेवर उठून विहिरीच्या दिशेने धावू लागला. तांबट घाबरला. विहिरीपलीकडच्या तेलिणीकडून बैलाचे दावे मागून आणले आणि येसूला खांबाला बांधले.

सहा दिवसांत मनगटे सोलली. सातव्या दिवशी येसूने भाकरीकडे पाठ फिरवली.

तेलीण दावे मागायला आली, ती उंबऱ्यातच थांबली.

“अरे तांबटा, बैलासाठी वळलं होतं मी हे.”

“मग काय करू, काकी? सोडला तर विहिरीत उडी घेईल.”

“धावतो कधी?”

“कधीही.”

“कधीही म्हणजे कधी? माझा बैलसुद्धा उगाच अडत नाही. त्याच्याकडं बघावं लागतं. तू नुसता हंड्याकडं बघतोस.”

तांबटाला राग आला. पण त्या दिवशी त्याची नजर येसूवर राहिली. लहान हातोडीला येसू स्वस्थ असे. मोठ्या हातोड्याचा ठोका पडला की अंग आकसे, दावे ताणले जाई. दर वेळी तेच.

दुसऱ्या सकाळी त्याने गाठ सोडली. मोठा हातोडा येसूला दाखवला आणि हात वरच धरून थांबला.

येसू उठला. कानांवर हात ठेवून निघाला, विहिरीकडेच. तांबटाने हातोडा खाली ठेवला. पण त्याने येसूला धरले नाही. दोन पावले मागे राहून चालत राहिला.

येसू विहिरीपाशी आला आणि तिच्याकडे न बघता पुढे गेला. थेट तेलिणीच्या घाण्यापाशी जाऊन बसला. तिथे ठोके ऐकू येत नव्हते. विहीर फक्त वाटेत होती.

“आलास? भाकरी खाणार?” तेलीण म्हणाली.

येसूने हात पुढे केला.

त्यानंतर तांबट मोठा हातोडा आधी दाखवी, मग उचली. येसू आपल्या पायांनी घाण्यावर जाई आणि आपल्या पायांनी परत येई.

फाल्गुनात तांबटाने दावे धुतले, वाळवले आणि तेलिणीच्या हातात दिले.

तात्पर्य एवढेच: पळणाऱ्याला बांधण्याआधी तो कशापासून पळतो ते पाहावे.