देवराईच्या वाटेवरचे घर

एकदा एक शिष्य संगणकाची विद्या घेऊन आपल्या डोंगरगावी परतला. गावात काम नव्हते; दसरा सरला की निम्मे गाव मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जाई. शिष्याने गावामागच्या देवराईची छायाचित्रे फोनवरून सर्वदूर पोहोचवली, वाटेचे एकेक वळण नकाशात भरले. पाहुणे येतील, गावात जेवतील, मग परमुलखात कोण कशाला जाईल, असा त्याचा अंदाज. त्या भरवशावर देवराईच्या वाटेवर राहणाऱ्या सगुणाने मुकादमाला नकार कळवला, ओसरी सारवली आणि घरगुती जेवणाची पाटी लावली.

पाहुणे आले. पुष्कळ आले. सगुणाच्या भाकऱ्या मात्र घरचेच खात राहिले.

शिष्याने आपल्या वृद्ध गुरुजींना नकाशा दाखवला. गुरुजी म्हणाले, "जाऊन बघू या की," आणि फोन हाती धरून चालू लागले. सगुणाच्या दारावरून जाताना तिने हाक मारली, "गुरुजी, चहा टाकलाय." साऱ्या गावाची विचारपूस करणाऱ्या गुरुजींनी मानही वर केली नाही.

"आता गुरुजीही पाहुणेच झाले म्हणायचे," सगुणा म्हणाली.

शिष्य ओशाळला. राईच्या कडेला पोहोचल्यावर त्याने विचारले, "सगुणावहिनींवर रागावलात का?"

"रागावू कशाला? वाट फोनला ठाऊक होती. सगुणाशी बोलायचं काम काय?" गुरुजी दगडावर टेकले. समोर राईत वेफर्सच्या पुड्या पडल्या होत्या. "पूर्वी परका माणूस इथे एकटा शिरत नसे. दारात वाट विचारायची, पाणी प्यायचं, मग त्या घरचं माणूस पुढे चालायचं. चपला कुठे काढायच्या, कशाला हात लावायचा नाही, ते सांगायचं. परतताना त्याच घरी जेवण व्हायचं. पाहुणे तू आणलेस, बाळा. पण त्यांचं विचारणं काढून घेतलंस."

त्याच संध्याकाळी शिष्याने नकाशातली वाट सगुणाच्या दारापाशी संपवली आणि खाली लिहिले, 'पुढची वाट इथे विचारा.'

रविवारी एक कुटुंब फोन बघत आले आणि बरोबर तिथेच थांबले.

"ओ दादा, इथे विचारा म्हणतंय. कुणाला विचारायचं?"

दाराला कुलूप होते. आदल्याच दिवशी मुकादमाचा ट्रक गेला होता.

"ज्यांना विचारायचं," शिष्य म्हणाला, "त्या आता गुढीपाडव्यानंतर येतील."