न पाहता घेणारा

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांच्या विधवा वहिनींनी किल्ली आणून ठेवली. म्हणाल्या, "भावोजी, डोळ्यांना आता दिसत नाही. गाडी विका. मात्र मागाहून माझ्या दारात कटकट नको."

गाडी बारा वर्षांची, वहिनींच्याच नावावर. पण राखलेली अशी, की नवी वाटावी. हाताशी मदतीला गुरुजींची शिष्या होती, फाटक वाजलं तरी दचकणारी.

पहिला गृहस्थ आला, दुरूनच हात जोडले. "गुरुजी, तुमच्या घरची गाडी म्हणजे पाहायचं काय? सांगाल ती किंमत. फक्त गाडी नावावर करायच्या फॉर्मवर मावशींच्या सह्या घेऊन ठेवा. नाव, तारीख मी सवडीनं भरतो."

शिष्येचा जीव भांड्यात पडला. गुरुजींनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "ही गाडी तुम्हाला द्यायची नाही."

दुसरा आला तो कपाळाला आठ्या घालूनच. गाडीतली पायपुसणी उचलून ओल हुंगली. खिशातून लोहचुंबक काढून दारांवरून फिरवलं, पत्र्यातला पोचा बुजवायला कुठे लांबी भरली आहे का ते पाहायला. मग सरळ गाडीखाली शिरला. त्याच्या मोबाइलचा लखकन प्रकाश पडला तशी शिष्या दोन पावलं मागे सरली. हा चॅसिसवरचा नंबर कशाला टिपतोय, असं तिला वाटलं.

"बारा वर्षांत साधा ओरखडा नाही?" तो खालूनच म्हणाला. "मला काही पटत नाही. काहीतरी लपवलंय तुम्ही."

वहिनी दारातून म्हणाल्या, "माझ्या लग्नातसुद्धा एवढी बघाबघी झाली नव्हती हो!"

तो हसला नाही. "मावशी, मूळ कागद दाखवा. सही माझ्यासमोर करायची. उद्या आरटीओत तुम्हीही चला, नाव बदलल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही." वर किंमतही पाडून मागितली.

गुरुजी म्हणाले, "दिली."

तो गेल्यावर शिष्येला राहवेना. "गुरुजी, विश्वास टाकला त्याला परत पाठवलंत, आणि आपल्याला चोर ठरवलं त्याला गाडी?"

"अगं, पहिल्यानं विश्वास टाकला कुठे? तो मागितला, आणि तोही कोऱ्या फॉर्मवर. गाडी त्याच्याकडे, नाव वहिनींचं. उद्या ती कुणी कुठे नेली, कुणाला उडवलं, तर पोलीस कुणाच्या दारात? ज्याला गाडी पाहायचीच नव्हती, त्याला सही हवी होती. दुसऱ्याचा संशय कडू खरा, पण तो आपल्या डोळ्यांदेखत घेतला आणि इथेच फिटला. त्याला गाडी स्वतःच्या नावावर हवी आहे, म्हणून तर तो एवढा घाबरतो."

पहिल्या माणसाचं गोड बोलणं ऐकून आपल्याला किती हलकं वाटलं होतं, ते शिष्येला आठवलं. आणि आता त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

आपल्याला तपासून घेणाऱ्यावर रागावण्याआधी, न तपासता 'हो' म्हणणारा बदल्यात काय मागतो आहे, तेवढं नीट ऐकावं.