तात्यांनी दम कुठं घेतला?

“मग मला सांगा तात्या, या व्हिडिओत पोवाडा गातंय कोण? तुम्ही, की कॅमेरा?”

शर्वाणीने मोबाइल शाहीर अमीनतात्या मुलाणींच्या नाकासमोर धरला होता. तात्या त्याच्याकडे न बघता डफ उन्हात फिरवत होते. कातडं तापलं की डफाचा आवाज खुलतो.

“तूच सांग,” तात्या म्हणाले.

एवढंच हवं होतं तिला.

ही शर्वाणी जामदार, विद्यापीठात माध्यमशास्त्राची संशोधक. लोकसंगीताच्या व्हिडिओंवर प्रबंध लिहीत होती आणि दीड वर्षं दर रविवारी आमच्या कुरुंद्याला येऊन तात्यांकडे पोवाडा शिकत होती. गळा खणखणीत, डोकं त्याहून तेज, आणि दोन्हींची तिला पुरेपूर जाणीव. शनिवारच्या उरुसात सगळ्यांच्या पुढं उभं राहून एक पोवाडा म्हणायचा, हा तिचा ध्यास. तात्यांनी अट घातली होती, “माझा तो व्हिडिओ मला समजावून सांग. पटलं, तर शनिवारी डफ तुझ्या हातात.”

मी सर्जेराव, तात्यांचा तुणतुणेवाला. तीस वर्षं त्यांच्या मागं उभा आहे. ऐकीव काही सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

“चार मिनिटांत एकशे सत्याऐंशी कट!” शर्वाणी उठून उभीच राहिली. “दर सव्वा सेकंदाला चित्र बदलतं. कॅमेरा सतत खालून, म्हणजे तुम्ही डोंगराएवढे. आणि सर्जूकाकांचा चेहरा एकदाही नाही. नुसती बोटं! केंद्रात कोण आणि परिघावर कोण, हे कॅमेऱ्याची नजर ठरवते.”

माझ्या बोटांबद्दल तीस वर्षांत कुणी एवढं बोललं नव्हतं. मी सरसावून बसलो.

मग तिच्या बोलण्यात ड्रोन आला, रंग आले, प्रेक्षक आले. पोरीच्या तोंडाचा पट्टा सुटला होता, पण खोटं एक अक्षर नव्हतं. व्हिडिओ काढणाऱ्या मुंबईच्या लोकांनी तात्यांना दिवसभर किल्ल्यावर उभं करून ओळ ओळ तोडून गाऊन घेतलं होतं, आणि ते या पोरीने नुसतं बघून ओळखलं.

“तेरा लाख लोकांनी पाहिलं, तात्या. पण तुम्हाला नाही. तुमच्या प्रतिमेला!”

तात्यांनी डफावर टिचकी मारली. कान लावला.

“खरं हाय,” ते म्हणाले. “पर ह्यात मी दम कुठं घेतला?”

“दम?”

“श्वास गं.”

शर्वाणी हसली. व्हिडिओ लावला. मग हसू थांबलं. तिने पुन्हा लावला, संथ केला, मोबाइल कानाशी धरला...

“नाहीच आहे,” ती म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून. आता ती वहीत खुणा करत होती, पेन्सिल वहीवर थांबत नव्हती. मी चहा करून आणला, तो निवला. मग एकदम तिने वही हवेत उडवली.

“तात्या! जिथं श्वास असायला हवा, तिथं दर वेळी कट आहे! त्यांनी तुमचा श्वास कापलाय! चार मिनिटं माणूस गातोय आणि एकदाही श्वास घेत नाही, आणि हे तेरा लाखांत कुणाच्याच लक्षात आलं नाही! हे कुणी लिहिलेलं नाही तात्या, कुणीच!”

माझ्या अंगावर काटा आला. तात्यांचेही डोळे लकाकले.

“शाब्बास! आता खरी शाहिराची शिष्या.”

“मग शनिवारी डफ माझा?”

“ऊठ. माझ्या मागं उभी राहा. झील धर.”

तिचा चेहरा उतरला. “मागं? तात्या, झील तर सर्जूकाका धरतात.”

“आज तू.”

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोवाड्यात शाहीर ओळीच्या टोकाला पोचला की मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणून उचलतात. त्या ‘जी’च्या आडोशाला शाहीर श्वास घेतो. तात्यांचा तर हट्ट, की ‘जी’ मिळाल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. त्यांच्या वस्तादांनी त्यांना तसंच शिकवलं होतं.

शर्वाणी मागं गेली खरी. पण जाता जाता तिने मोबाइल सुरू केला आणि बाजूने हात लांब करून तात्यांच्या तोंडावर रोखला. माझ्या कानात कुजबुजली, “काका, आता त्यांचा खरा श्वास पकडते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरणच होईल!”

डफावर थाप पडली. म्हातारा विजेसारखा उठला.

*कुदळ पडली कातळावरती, ठिणगी उडाली आभाळा,*
*बायाबापड्या धावत आल्या, झरा लागला तळाला...*

‘तळाला’वर आवाज लांबला. शर्वाणी पडद्यात डोळे घालून उभी.

‘जी’ आला नाही.

आवाज लांबतच राहिला. मी तोंड उघडलं. तात्यांनी डफावरचा एक हात उचलून तळवा माझ्याकडे केला. मी तोंड मिटलं.

“आता घेतील,” शर्वाणी पुटपुटली. “आता... आता घेतीलच...”

तात्यांच्या मानेची शीर वर आली. तोंड लाल झालं, मग काळपट. आवाजाची नुसती तार उरली. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने असला आडमुठेपणा करू नये! मला राग आला, भीतीही वाटली. पण तळवा खाली येईना.

शर्वाणीने मोबाइलच्या वरून पाहिलं. पहिल्यांदाच.

मोबाइल हातातून सुटला.

“जी जी रं जी!”

सूर कुठल्या कुठे गेला होता. ती गायली नाही, ओरडलीच. तात्यांचे खांदे खाली आले, छाती भरली, आणि पुढची ओळ अशी कडाडली की पत्र्यावरची पाखरं उडाली.

मग काय विचारता! तात्या गातायत, शर्वाणी त्यांच्या पाठीवर डोळे लावून ‘जी’ देतेय, मी तुणतुण्याची तार तोडायच्या बेतात. ते दम घ्यायच्या आत हिला कळतंय. एकदा तर ते मुद्दाम अर्ध्या ओळीतच थांबले, तिथंही ‘जी’ तयार! पोरगी घामाने निथळली, हसत होती, रडतही होती बहुतेक. एवढा रंगलेला पोवाडा मी उरुसातही ऐकला नाही.

शेवटची थाप पडली, तेव्हा तिघंही खालीच बसलो.

बऱ्याच वेळाने तिला मोबाइल आठवला. तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर कॅमेऱ्याच्या बाजूवर पडून अजून चालूच होता. तिने लावून पाहिला. सुरुवातीला तात्यांचं तोंड, मग धाडकन काळोख. पुढं चित्रच नाही.

“गेलं सगळं,” ती म्हणाली. “यात बघण्यासारखं काहीच नाही.”

ते पुसून टाकायला तिने बोट उचललं. तात्यांनी मनगट धरलं.

“वाजीव.”

काळ्या पडद्यातून तो लांबलेला आवाज आला... तार झाली... मग शर्वाणीची किंकाळी, “जी जी रं जी!” आणि त्याच्या आत, अगदी जवळून, एक मोठा, खरखरीत श्वास.

शर्वाणीने मोबाइल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “तात्या, शनिवारी मी मागंच उभी राहीन.”

तात्यांनी डफ उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“पुढं उभी राहा. ह्या काळोखात मी दिसलो.”