तळेसेवकाचा दगड

फार मागची गोष्ट. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की तळ्याकाठचा चिखलही तडकला होता. झरा गाळानं बुजला होता आणि म्हाताऱ्या कासवाच्या डबक्यात पाठ भिजेल एवढंही पाणी उरलं नव्हतं.

झरा मोकळा ठेवायला सगळ्यांनी मिळून बगळ्याला तळेसेवक नेमलं होतं आणि त्यासाठी प्रत्येक जण त्याला आपल्या घासातला घास देई. बगळा मात्र उंच दगडावर बसून पिसं विंचरी.

कासव हळूहळू तिथं गेलं. “सेवका, झरा कधी उपसणार?”

“साहेब म्हणायचं,” बगळा म्हणाला.

“आम्ही सेवक नेमला होता बाबा. साहेब कधी नेमला, ते काही मला आठवत नाही.”

शेजारचा बेडूक कुजबुजला, “दादा, घरी चला. मोठ्यांच्या नादी लागू नये.”

बगळा घास गोळा करायला उडाला, तसं कासव दगडावर चढून बसलं. परत आलेला बगळा खेकसला, “ऊठ, माझी जागा आहे.”

“जागा तळ्याची आहे. झरा वाहू दे, मग उठतो. मला उठायला तसाही वेळच लागतो.”

बगळ्यानं चोच उगारली. कासव हललं नाही.

तेवढ्यात बेडूक टुणकन दगडावर आला आणि म्हणाला, “कासवदादा, जरा सरका. मलाही बसायचंय.”